दुःखाची मोजदाद आणि समुदयाचे विस्मरण
हवामान-धोरणाची एक समीक्षा : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात

अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात 'अधम्मिक सुत्त' नावाचे एक लहानसे सुत्त आहे. राजे अधर्माने वागू लागले की त्यांचे अधिकारी अधर्माने वागतात. अधिकाऱ्यांमागून ब्राह्मण व गृहपती, आणि त्यांच्यामागून नगरांतील व जनपदांतील लोक त्याच वाटेने जातात. मग सूर्य-चंद्रांची गती बिघडते, ऋतू व संवत्सर चुकतात, वारे भलतीकडून वाहतात, पाऊस नीट पडत नाही, पिके एकसारखी पिकत नाहीत. आणि तसले धान्य खाणारी माणसे अल्पायुषी, दुर्बल व रोगी होतात, असा त्या सुत्ताचा आशय आहे. त्यातील देवांच्या कोपाचा भाग आम्ही स्वीकारीत नाही. जे बुद्धिसंगत व तर्कसंगत आहे आणि ज्याचा माणसाच्या कल्याणाशी संबंध आहे तेच बुद्धवचन मानावे, ही बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितलेली कसोटी आम्हांस प्रमाण आहे. परंतु तो भाग वगळल्यावरही सुत्तात एक मोठा विचार शिल्लक राहतो. राज्यकर्त्यांचे वर्तन आणि शेतातील कणसाचे भरणे या दोन गोष्टी परस्परांपासून तुटलेल्या नाहीत, त्या एकाच कार्यकारणाच्या साखळीत आहेत, हा तो विचार होय.

आज वातावरण तापते आहे ते माणसाच्या कृतीमुळे, याविषयी शास्त्रज्ञांत दुमत उरलेले नाही. या संकटाला तोंड देण्यासाठी शासनाने धोरणे आखली आहेत. ती धोरणे ज्यांच्यासाठी आखली गेली त्यांचे बळ त्यांमुळे वाढते की घटते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात आम्ही तो नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात विचारणार आहोत. भगवान बुद्धांनी दुःखाचा विचार चार पायऱ्यांनी केला : दुःख आहे, दुःखाला कारण आहे, दुःखाचा निरोध शक्य आहे आणि निरोधाचा मार्ग आहे. कोणत्याही लोककल्याणकारी धोरणाची परीक्षा याच चार पायऱ्यांनी करता येते, असे आमचे मत आहे.

दुःखाचे मापन

केंद्र शासनाने ३० जून २००८ रोजी हवामान बदलाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात सौर ऊर्जा, पाणी, शेती, हरित भारत इत्यादी आठ अभियाने होती. त्यानंतर प्रत्येक राज्याने आपापला आराखडा करावा असे ठरले. महाराष्ट्राने हे काम ऊर्जा व संसाधन संस्था, म्हणजे 'टेरी', हिच्याकडे सोपविले. २०१४ मध्ये तिचा अहवाल तयार झाला आणि २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हवामान बदलास अनुरूप धोरण स्वीकारले.

या अहवालाने एक उपयुक्त काम केले. राज्यातील प्रत्येक जिल्ह्याला हवामान बदलाचा आघात किती लागेल याचा निर्देशांक त्याने काढला. आघाताशी येणारा संबंध, तो लागण्याची संवेदनशीलता आणि त्याला तोंड देण्याची क्षमता, अशी त्या निर्देशांकाची तीन अंगे आहेत. या मोजणीत नंदुरबार जिल्हा राज्यात सर्वाधिक आघातप्रवण ठरला.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. दक्षिणेकडे तापीचे काळ्या मातीचे खोरे, उत्तरेकडे सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्याही पलीकडे सीमेवरून वाहणारी नर्मदा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, आणि तीत शंभरांतील सुमारे ६९ माणसे अनुसूचित जमातींची. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची इत्यादी. २०१२ च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात हा जिल्हा राज्यात तळाला होता. २०१८ मध्ये केंद्राने 'आकांक्षित' म्हणून निवडलेल्या राज्यातील चार जिल्ह्यांत त्याचा समावेश झाला.

तेव्हा दुःख आहे हे शासनास मान्य आहे, इतकेच नव्हे तर ते कोठे सर्वाधिक आहे हेही ठाऊक आहे. पहिल्या आर्यसत्याच्या कसोटीवर धोरण उत्तीर्ण झाले, असे म्हणण्यास आमची हरकत नाही.

समुदयाचे विस्मरण

अडचण येते ती दुसऱ्या पायरीवर. निर्देशांकाच्या पद्धतीत 'तोंड देण्याची क्षमता' सामान्यतः शिक्षण, उत्पन्न, सिंचन, रस्ते अशा गोष्टींवरून मोजतात. अशा मोजणीत दारिद्र्य हे त्या जनतेचे लक्षण म्हणून नोंदले जाते. ते कोणत्या कृतीचे फळ आहे हे नोंदविण्याला तक्त्यात रकानाच नसतो. ताप किती आहे हे वैद्याने पाहिले आणि ताप कशाने आला हे विचारलेच नाही, तर त्याच्या औषधावर कोण विश्वास ठेवील?

नंदुरबारच्या दुर्बलतेचा समुदय शोधावयाचा तर तो तीन ठिकाणी सापडतो.

पहिले ठिकाण म्हणजे जंगल. १८७८ च्या व पुढे १९२७ च्या भारतीय वन कायद्यांनी सातपुड्यातील रहिवासी आपल्याच रानात अतिक्रमक ठरला. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील अनेक गावे दीर्घकाळ 'वनगावे' म्हणून राहिली. तेथील माणूस पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होता, पण सातबाऱ्यावर त्याचे नाव नव्हते. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला कर्ज नाही, पीकविमा नाही, नुकसानभरपाई नाही. अवेळी पाऊस झाला तर तलाठ्याच्या पंचनाम्यातही तो येत नाही. हवामानाचा आघात त्याच्यावर दुप्पट बसतो, आणि त्यातील एक पट निसर्गाची नसते.

दुसरे ठिकाण म्हणजे तापीकाठची सुपीक जमीन. शहादा-तळोदा भागात आदिवासींच्या जमिनी कर्जापोटी व कागदी व्यवहारांतून दुसऱ्यांच्या हाती गेल्या आणि मूळचा मालक आपल्याच शेतात सालदार झाला. याविरुद्ध अंबरसिंग सुरतवंती यांनी लोकांस जागे केले. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. जमिनी परत मिळविण्याचा लढा झाला. १९७४ मध्ये अंबरसिंग अकाली गेले. ज्यांना जमीन परत मिळाली नाही त्यांची मुले-नातवंडे आजही ऊसतोडीस गुजरातेत जातात. स्थलांतर हे 'हवामान बदलाचे परिणाम' या शीर्षकाखाली घालणे सोपे आहे. त्याचे मूळ मात्र जमिनीच्या प्रश्नात आहे.

तिसरे ठिकाण म्हणजे नर्मदा. सरदार सरोवर धरणाने जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांची ३३ गावे बाधित झाली. महाराष्ट्रातील पहिले बाधित गाव मणिबेली. महाराष्ट्राचे सुमारे साडेसहा हजार हेक्टर वन त्यात गेले. १९७९ च्या नर्मदा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यात २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी महाराष्ट्राच्या वाट्याला ०.२५ दशलक्ष एकर-फूट आले, म्हणजे शंभरातील एक हिस्साही नाही. विजेतील वाटा मात्र २७ टक्के. सातपुड्याने गावे व रान दिले. त्या बदल्यात राज्याला मिळाली ती मुख्यतः वीज, आणि तीही ज्या पाड्यांनी मोल दिले त्यांच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी इतरत्र पोहोचली. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याची वनजमीन खुली करण्यात आली, तेव्हा तेथे आधीपासून कसणारे दुसरे आदिवासी होते. एका दुःखिताचे पुनर्वसन दुसऱ्या दुःखिताच्या जागेवर झाले.

हे तिन्ही समुदय माणसाने निर्माण केलेले आहेत. ते शासनाच्या कायद्यांतून, व्यवहारांतून व प्रकल्पांतून आले. पटिच्चसमुप्पादाचा सिद्धान्त सांगतो की, हे असले की ते होते. हे नाहीसे झाले की ते नाहीसे होते. कारण न पाहता परिणामाशी झगडणारे धोरण त्यामुळे निष्फळ ठरते. तेवढ्यावरही थांबत नाही. ते पुष्कळदा जुन्या कारणात नवी भर घालते.

उपायच कारण होतो तेव्हा

ही भर कशी पडते त्याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत.

मार्च २०१९ मध्ये केंद्र शासनाने मोठ्या जलविद्युत प्रकल्पांना नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा दिला. कोळसा न जाळणारी वीज हवी, याविषयी वाद नाही. परंतु ज्या विजेसाठी गावे व रान बुडाले तिला 'हरित' हे विशेषण लावताना, बुडालेल्याचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडावयाचा? कर्बवायूची वही वेगळी आणि माणसांची वही वेगळी ठेवली की प्रत्येक वही आपापल्या जागी बरोबर दिसते. चूक दिसते ती दोन्ही वह्या एकत्र वाचल्यावर.

नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यातील साक्री यांच्यामधील पठारावर या शतकाच्या आरंभापासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. १९९७ च्या क्योटो करारातील 'स्वच्छ विकास यंत्रणे'खाली या पट्ट्यातील काही प्रकल्प नोंदले गेले. म्हणजे तेथे न सोडलेल्या धुराचे मोल परदेशी खरेदीदाराकडून मिळू शकले. पठारावर गुरे चारणाऱ्यास, डोंगरउतारावर नागली-भगर पेरणाऱ्यास या व्यवहारात पक्षकार म्हणून जागा नव्हती.

तिसरे उदाहरण वृक्षारोपणाचे. राज्य शासनाने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला. झाडे लावण्यास कोण विरोध करील? आमचे उपासकही 'वनरोप सुत्ता'चा दाखला देऊन अशा कार्यक्रमांत उत्साहाने सामील होतात. परंतु संयुत्त निकायातील ते सुत्त नीट वाचावे. त्यात वने-उपवने लावणाऱ्यांबरोबरच पूल बांधणारे, पाणपोया व विहिरी देणारे, निवारा देणारे यांचे पुण्य एकत्र सांगितले आहे. याचा अर्थ उघड आहे : ते झाड सर्वांच्या वापराचे, वाटसरूच्या सावलीचे झाड आहे. ज्याच्या वनहक्काच्या दाव्याचा निकाल लागलेला नाही अशा माणसाच्या कसत्या जमिनीत खड्डे खणून, भोवती कुंपण घालून लावलेले रोप वनरोप सुत्तात बसत नाही. २०१६ च्या प्रतिपूरक वनीकरण निधी कायद्याच्या मजकुरात ग्रामसभेच्या संमतीची अट घातली गेली नाही, ही गोष्ट आम्हांस म्हणूनच गंभीर वाटते.

आणि हा प्रश्न केवळ आदिवासींचा आहे अशा समजुतीत आमच्या वाचकांनी राहू नये. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ पासूनच्या टप्प्यात सौर प्रकल्पांसाठी शासकीय जमिनी व गायराने दिली जात आहेत. शेतकऱ्यास दिवसा वीज मिळावी हा हेतू चांगला आहे. परंतु गायरान म्हणजे ओसाड पडलेली, कोणाचीच नसलेली जमीन नव्हे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये खानदेश-नाशिक भागात आणि पुढे १९६४-६५ मध्ये देशभर जो भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तो पडीक, गायरान व वनजमीन भूमिहीनांस मिळावी यासाठीच होता. त्या लढ्यात आमची माणसे तुरुंगात गेली, आदिवासी बांधवही गेले. ज्या गायरानाच्या तुकड्यावर एखाद्या बौद्ध कुटुंबाने दोन पिढ्या घाम गाळला, ते शासनाच्या नकाशावर अद्याप 'रिकामे'च आहे. हवामान-धोरणाच्या नावाने ते भरले जाईल तेव्हा सातपुड्यातील पावरा आणि मराठवाड्यातील बौद्ध एकाच रांगेत उभे असतील.

यादीत प्रथम, योजनेत अनुपस्थित

धोरणाची परीक्षा त्याच्या शब्दांवरून करण्यापेक्षा त्याच्या खर्चावरून करणे अधिक योग्य. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने राज्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. हवामान बदलाशी जुळवून घेणारी शेती हाच त्याचा घोषित उद्देश आणि खर्च सुमारे ४,००० कोटी रुपये. मराठवाड्याचे आठ, विदर्भाचे सहा आणि खानदेशातून जळगाव, असे पंधरा जिल्हे त्यात घेण्यात आले. नंदुरबार त्यांत नव्हता. दुसऱ्या टप्प्यात जिल्ह्यांची संख्या एकवीस झाली, नाशिकही आला. नंदुरबार तेव्हाही आला नाही.

मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्यांचे दुःख आम्ही कमी लेखीत नाही. तेथे हा प्रकल्प हवाच होता. आमचा आक्षेप वेगळा आहे. शासनानेच करविलेल्या मोजणीत जो जिल्हा सर्वाधिक आघातप्रवण ठरला, तो शासनाच्याच सर्वांत मोठ्या हवामान-शेती प्रकल्पाबाहेर राहतो, तेव्हा मोजणी आणि कृती यांचा परस्परांशी काय संबंध उरला? अभ्यास एका खात्याने करावा आणि निधी दुसऱ्याच हिशेबाने जावा, यास धोरण म्हणता येत नाही. शिवाय ज्याच्या नावे सातबारा आहे त्यालाच अशा प्रकल्पांचा लाभ सहज मिळतो. म्हणजे उद्या नंदुरबारचा समावेश झाला तरी पहिला समुदय, जमिनीच्या हक्काचा, जागच्या जागी राहील आणि लाभ डोंगरावर चढण्याआधी तापीकाठीच संपेल.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

येथे आमचे काही वाचक विचारतील : बाबासाहेबांनी तर धरणांचा पुरस्कार केला, मग आपण धरणविरोधकांच्या सुरात सूर कसा मिळविता? आणि ज्या खेड्याची बाबासाहेबांनी संविधान सभेत निर्भीडपणे चिरफाड केली, त्याच खेड्याचे व रानाचे गोडवे आता आपण गावयाचे काय?

हा आक्षेप टाळण्याजोगा नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला आकार दिला, १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा केला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथील परिषदेत त्यांनी मांडले की, पाणी ही आपत्ती नसून संपत्ती आहे; माणसाला पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावानेच अधिक सोसावे लागते; म्हणून पाणी अडवून त्याचा बहुविध उपयोग केला पाहिजे. या विचारापासून आम्ही तसूभरही दूर जात नाही. सातपुड्याला पाणी हवे, वीज हवी, रस्ता हवा, दवाखाना हवा. आदिवासी जसा आहे तसा जपून ठेवण्याची हौस ही त्याला माणूस न मानण्याचेच दुसरे रूप आहे.

परंतु बाबासाहेबांच्या जलनीतीचा गाभा भिंतीची उंची हा नव्हता. खोऱ्यातील जनतेचे दारिद्र्य नाहीसे व्हावे हे तिचे साध्य होते. दामोदर खोऱ्यातील विस्थापितांचे प्रश्न पुढे अनेक दशके रेंगाळले, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. साधन उरले आणि साध्य मागे पडले की काय होते, याचेच ते उदाहरण होय. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिताना बाबासाहेबांनी आर्थिक रचनेची तरतूद संविधानातच असावी असा आग्रह धरला. त्यामागील विचार असा की, बहुसंख्यांच्या सदिच्छेवर सोडलेले संरक्षण टिकत नाही. हक्काचेच संरक्षण टिकते. हवामान-धोरणाला आमचा जो मुख्य आक्षेप आहे तो याच विचारातून येतो. आजचे धोरण दुर्बळांना 'लाभार्थी' करते. त्यांना हक्कदार करीत नाही. लाभ एका अंदाजपत्रकातून येतो आणि दुसऱ्या अंदाजपत्रकातून जातो. हवामानाचे संकट मात्र पन्नास-शंभर वर्षांचे आहे. देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला आहे. इतक्या दीर्घ वाटचालीत माणसाला तगवील ती योजना नव्हे, तगवील तो हक्क.

शासकीय मराठीत या तगण्याला 'लवचिकता' असा शब्द रूढ झाला आहे. तो आम्हांस खटकतो. लवणे, वाकणे हे या जनतेला शिकवावे लागत नाही; तिने तेच आजवर केले आहे. धम्मातील क्षांती ही सामर्थ्यवानाची सहनशीलता आहे, अन्यायापुढे वाकण्याची सवय नव्हे. तग धरणे म्हणजे आघातानंतरही आपल्या पायांवर, आपल्या जमिनीवर उभे राहणे.

निरोध शक्य आहे

तिसरे आर्यसत्य सांगते की दुःखाचा निरोध शक्य आहे. सातपुड्यात त्याची चिन्हे दिसतात, आणि ती लहान असली तरी खरी आहेत.

अक्राणी तालुक्यात मका व ज्वारीची अनेक देशी वाणे लोकांनी जतन केली आहेत; त्याबरोबर भगर, बंटी यांसारखी भरडधान्येही. बाएफ संस्थेच्या साहाय्याने येथे गावपातळीवर बियाणे बँका उभ्या राहिल्या. हरणखुरी येथील बियाणे संवर्धनाचे काम परिचित आहे. यांतील काही वाणे कमी पावसात येतात, काही उशिरा पेरली तरी दाणा धरतात. एक वाण गेले तर दुसरे हाती राहते, ही खरी विमा-व्यवस्था होय. ती स्त्रियांच्या कणग्यांत होती म्हणूनच दिसली नाही. २०२२ मध्ये राज्य शासनाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पास मान्यता दिली आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. मात्र बियाणे कोशात जाईल आणि ते जपणारी बाई ऊसतोडीला जाईल, तर कोश भरूनही शिवार रिकामेच राहील.

शेजारच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा येथे चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून सुमारे ११०० एकर जंगल गावाच्या नियमांनी राखले. उजाड डोंगर पुन्हा हिरवा झाला, विहिरींना पाणी आले, रोजगारासाठीचे स्थलांतर थांबत गेले. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री मिळाली. तेथे रान आणि माणूस एकत्र तगले, कारण राखण्याचा नियम आणि वापरण्याचा अधिकार एकाच सभेच्या हाती होता.

दीघ निकायातील 'कूटदन्त सुत्ता'त महाविजित राजाची कथा आहे. राज्यात लुटालूट माजली असता पुरोहित राजाला सांगतो की, दंड करून हे थांबणार नाही. जे शेती व पशुपालन करतात त्यांना बियाणे व चारा द्या, व्यापाऱ्यांना भांडवल द्या, राजसेवकांना वेतन द्या. येथे उपाय कारणापर्यंत जातो. बियाणे, चारा, भांडवल ही माणसाच्या हातात राहणारी साधने आहेत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या सल्लागाराला जे कळले ते आजच्या आराखड्यांना कळू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

मार्ग : रोहिणीकाठचा धडा

मार्गाचा विचार करताना आमच्यासमोर रोहिणी नदी येते. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून तंटा पेटला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला आणि सिद्धार्थाने त्यास विरोध केला, ही कथा बाबासाहेबांनी परिव्रज्येचे कारण म्हणून मांडली. तिच्यातील त्याग सर्वांच्या लक्षात राहतो. सिद्धार्थाने सुचविलेला तोडगा मात्र फारसा आठवला जात नाही. दोघे आपण निवडावेत, दोघे कोलियांनी निवडावेत, या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी तंटा मिटवावा, असा तो तोडगा होता. पाण्याचा निवाडा पाण्यावर जगणाऱ्या दोन्ही काठांच्या लोकांनी, समान संख्येने बसून करावा, हे त्याचे तत्त्व.

नर्मदेचा निवाडा चार राज्यांत झाला. त्यात मणिबेलीला पक्षकार म्हणून जागा नव्हती. हवामानाचा करार राष्ट्रांराष्ट्रांत होतो, आराखडा सल्लागार संस्था करते, निधी बँक देते. या सर्व बैठकांत काठावरचा माणूस कोठे आहे?

त्याची जागा निर्माण करणारे कायदे आपल्याकडे आहेत, हे विसरता कामा नये. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस नैसर्गिक साधनांच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला. महाराष्ट्रात त्याचे नियम २०१४ मध्ये झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक हक्काबरोबरच सामूहिक वनहक्क मान्य केला. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांचे मत घेण्याचा आदेश दिला आणि ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. उलट, २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता पाहण्याचे काम केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यांवर सोपविले. म्हणजे संमती आधी न विचारता मागून उरकण्याची वाट मोकळी झाली. हवामान-धोरणाचा मार्ग यांपैकी कोणत्या दिशेने जातो, हीच त्याची खरी परीक्षा आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. नंदुरबारमधील वनहक्काचे प्रलंबित दावे निकाली काढणे, सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांना त्यांच्या आराखड्यासाठी निधी देणे आणि सौर, पवन वा वनीकरण अशा कोणत्याही प्रकल्पापूर्वी ग्रामसभेची संमती घेणे, ही कामे हवामान-धोरणाच्या बाहेरची मानली जातात. आमच्या मते तीच त्या धोरणाची पहिली कलमे असली पाहिजेत. रान राखणारा माणूस हक्काने उभा राहिला तर रान राहील. आणि रान राहिले तर तापीच्या खोऱ्यातील विहिरींनाही पाणी राहील.

शेवटी दोन शब्द स्वतःस उद्देशून. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्यास आले होते. त्या स्मृतीचा आम्ही अभिमान बाळगतो. परंतु धुळे-नंदुरबारच्या विहारांतून सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत आपली पावले किती वेळा गेली? गायरानाच्या नोटिसा आल्या की आपण मोर्चा काढतो, आणि शेजारच्या डोंगरावर वनजमिनीच्या नोटिसा आल्या की तो दुसऱ्यांचा प्रश्न समजतो. १९५९ च्या सत्याग्रहात ही भिंत नव्हती. विहाराच्या आवारात वर्षातून एकदा रोप लावून आपले पर्यावरणाचे कर्तव्य संपत नाही. वनहक्काचा दावा कसा भरावा, ग्रामसभेचा ठराव कसा लिहावा, आराखडा कसा वाचावा, हे जाणणारे सुशिक्षित तरुण आपल्या समाजात आहेत. वर्षावासाच्या तीन महिन्यांत धम्मग्रंथाच्या वाचनाबरोबर हे काम हाती घेतले, तर सिद्धार्थाने शाक्य संघात जी बाजू घेतली ती आपण घेतली असे म्हणता येईल. रोहिणीच्या तंट्यात तो बहुमतापुढे एकटा पडला होता. आपण एकटे नाही. आपण केवळ विखुरलेले आहोत.